पेट्रोलची तोटी, गॅसची चावी

वीज गेली की जनरेटरला पेट्रोल लागते, आणि पेट्रोल जमिनीखालच्या टाकीतून वर खेचायला वीज लागते. या चक्रात सापडण्याचा अनुभव न्यू जर्सीच्या रहिवाशांनी २०१२ साली घेतला. २९ ऑक्टोबरला सँडी वादळ तिथल्या किनाऱ्यावर आदळले आणि लाखो घरे अंधारात गेली. कित्येक पंपांवर इंधन होते, पण ते वर काढणारी मोटर बंद होती. ३ नोव्हेंबरपासून बारा काउंटींमध्ये गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा सम की विषम हे पाहून पेट्रोल देण्याची पाळी आली. एडिसन ज्या भागात येते तोही त्यात होता, आणि तिथे आपली मराठी माणसे किती आहेत हे वेगळे सांगायला नको. रेशनच्या रॉकेलसाठी डबा घेऊन उभ्या राहिलेल्या पिढीला ती रांग फारशी परकी वाटली नसावी.

अशा प्रसंगी एकच यंत्र पेट्रोलवरही चालावे आणि गॅसवरही, ही कल्पना मोहात पाडते. दोन इंधनांपैकी एक तरी घरात असतेच. आज अशी यंत्रे आपल्याकडेही मिळतात, आणि जुन्या पेट्रोल यंत्राला गॅसचा संच बसवून देणारे मिस्त्रीही मिळतात.

खरे तर दोन इंधनांचे यंत्र आपल्याला नवे नाही. मी बँकेत असताना किराणा दुकानदार, झेरॉक्सवाले, फोटो स्टुडिओवाले अशा कितीतरी जणांचे जनरेटरसाठी केलेले कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून गेले. ती यंत्रे पेट्रोलवर सुरू होत आणि इंजिन तापले की तोटी फिरवून रॉकेलवर जात, कारण थंड इंजिनात रॉकेलची वाफ नीट होत नाही. बंद करण्यापूर्वी पुन्हा थोडा वेळ पेट्रोल द्यायचे, म्हणजे कार्बुरेटरच्या वाटीत पेट्रोल उरते आणि दुसऱ्या संध्याकाळी दोरी ओढताच यंत्र बोलू लागते. ही शिस्त ज्याला जमली त्याचे यंत्र टिकले, आणि हप्तेही बहुधा वेळेवर आले. (रेशनचे निळे रॉकेल दुकानात कुठून येते, हे विचारायला पाहणीच्या अहवालात रकाना नव्हता.)

पण पेट्रोल आणि रॉकेल ही एकाच घरातली भावंडे. दोन्ही पातळ, दोन्ही त्याच वाटीतून जाणारी. गॅसचा स्वभाव निराळा. तो वाटीत साठत नाही, सिलिंडरमधून दाबाने येतो. म्हणून चांगल्या संचात एक लवचीक पडदा असतो. इंजिनाने हवा ओढली तरच तो गॅसला वाट देतो, इंजिन थांबले की वाट मिटते. सगळी सुरक्षितता या पडद्यावर अवलंबून. पैसे वाचवायला जो मिस्त्री हा संच टाळून शेगडीचा रेग्युलेटर आणि साधी नळी थेट कार्बुरेटरला जोडतो, त्याच्या हातचे इंजिन अडखळून बंद पडले तरी गॅस येतच राहतो.

बदल करतानाही घाई चालत नाही. वाटीत पेट्रोल असताना गॅस सोडला तर दोन्ही इंधने एकदम आत जातात, हवा कमी पडते आणि यंत्र काळा धूर ओकत गुदमरते. म्हणून आधी पेट्रोलची तोटी बंद करून वाटी रिकामी होऊ द्यायची, आणि मगच गॅसची चावी उघडायची. काही यंत्रांत हा बदल चालू इंजिनावर होतो, काहींत ते थांबवूनच करायचा असतो. यंत्राची पुस्तिका सांगेल ते प्रमाण.

गॅसवर ताकद साधारण एक दशांशाने घटते, कारण आत शिरणारा गॅस हवेची जागा अडवतो. उलट, साठवणुकीत गॅस सरस. पेट्रोल काही महिन्यांत शिळे होते, कार्बुरेटरमध्ये चिकटा धरतो. आता तर त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाणी ओढते. वर्षातून दहा दिवस लागणाऱ्या मंडपातल्या यंत्राला गॅसच बरा, असे मी हिशेबाने म्हणेन.

माझा आक्षेप सिलिंडरच्या जागेला आहे. घरगुती सिलिंडर स्वयंपाकाखेरीज इतर कामाला वापरण्यास २००० सालच्या केंद्रीय आदेशाने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण दुकानदार करतो काय? १९ किलोचा व्यापारी सिलिंडर अवजड आणि महाग, म्हणून घरचा लाल सिलिंडर आणतो आणि कुणाला दिसू नये म्हणून पोत्यांआड, काउंटरखाली किंवा तळघराच्या जिन्यात लपवतो. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळला तर वर निघून जात नाही, जमिनीलगत पसरून खोलगट जागी साचतो. म्हणजे तपासणीला घाबरून सिलिंडर नेमका तिथेच जातो, जिथे तो सर्वांत धोक्याचा.

त्यात ‘गॅस स्वच्छ जळतो’ हा अर्धा खरा समज. काजळी कमी होते हे कबूल. पण धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्यामुळे संपत नाही, आणि त्याला ना वास ना रंग. पेट्रोलच्या धुराने डोळे चुरचुरले की माणूस निदान यंत्र बाहेर तरी ढकलतो. गॅसवरचे यंत्र तो शटरच्या आत ओढून घेतो आणि पावसाळ्यात शटर अर्धे खाली करतो.

निव्वळ छापे घालून हे थांबणार नाही. पाच किलोचा सिलिंडर बाजारभावाने, अनुदानाशिवाय २०१३ पासून मिळतो. दीड-दोन किलोवॉटच्या यंत्राला ताशी किलोच्या आसपास गॅस लागतो, तेव्हा एक संध्याकाळ त्यावर निभते. छोट्या दुकानदाराला हा सिलिंडर जवळच्या पंपावर खात्रीने मिळाला, तर लपवाछपवीचे कारणच उरत नाही. संच विकणाऱ्याने तो बसवल्याची सही-शिक्क्याची पावती द्यावी आणि त्या पावतीशिवाय विमा कंपनीने दुकानाचा विमा उतरवू नये. बँकांनीही जनरेटरच्या कर्जाच्या अर्जात दोन प्रश्न वाढवावेत: यंत्र कुठे ठेवणार आणि गॅस कोणता वापरणार. आणि पाहणीला जाणाऱ्या अधिकाऱ्याने काउंटरवरचा चहा घेण्यापूर्वी काउंटरखाली वाकून पाहावे.