तेल नव्हे, फिल्टर पाहा

बीड जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याचे सुमारास ट्रॅक्टरांचें तेल बदलण्याची घाई उडते. पुढें वाटेंतच इंजिन जाम झालें, कीं दोष नव्या तेलाच्या माथीं मारला जातो. आमचे मतें आधीं फिल्टर पाहावा. आट्यांवर फिरवून बसणाऱ्या जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधीं कधीं इंजिनासच चिकटून राहते. तिजवर नवा फिल्टर आवळला, कीं दाबानें रिंग सरकून तेल बाहेर फेकलें जातें, व कोरडीं पडलेलीं बेअरिंगें थोड्याच वेळांत जळतात. दाबाचा कांटा पडतांच इंजिन बंद करणारा चालक विरळा! ऐन हंगामांत ट्रॅक्टर मिस्त्रीकडे व टोळीची उचल डोक्यावर, ही दशा ज्यांस नको, त्यांनीं नवा फिल्टर चढण्यापूर्वीं जुन्यास त्याची रिंग आहे ना, हें स्वतः पाहावें; नव्या रिंगेस तेलाचें बोट लावून फिल्टर हातानेंच आवळवावा.