तान्ह्या पोळ्याला सगळ्यांचा मिळून एक बैल

मुकुटबनच्या आई-बापांनो, गुरुजींनो, मॅडम, मंडळातल्या पोरांनो, यंदा तान्ह्या पोळ्याच्या दहा-पंधरा दिवस आधी एक काम हाती घ्या.

आपल्याकडे कोळशाच्या खाणी आल्या, सिमेंटचा कारखाना आला आणि त्यांच्यामागून हिंदी बोलणारी बिऱ्हाडं आली. पैनगंगेपलीकडे तेलंगणा, म्हणून तेलुगू पहिल्यापासूनच कानावरची. पोडांवर कोलामी, कुठे गोंडी, तांड्यावर गोरमाटी. बाजारात हे सगळं एकत्र ऐकू येतं, पण लेकरं खेळतात ती आपापल्या वस्तीत. शाळेत एका बाकावर बसली की ओळख होईलच, असं आपण धरून चालतो. नुसत्या बसण्यानं ती होत नाही.

अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात 1971 साली हाच अनुभव आला. गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एका वर्गात आणलं, तर भांडणं वाढली. एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञानं वर्ग पाहिला. उत्तरासाठी जो तो हात वर करायचा आणि दुसरा चुकला की खूश व्हायचा. मग त्यानं धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय कुणालाच पूर्ण धडा येईना. एकमेकांना हिणवणारी मुलं एकमेकांना विचारू लागली.

आपण मात्र कला म्हटलं की स्पर्धा ठेवतो. पंधरा ऑगस्टला चित्रकला, तान्ह्या पोळ्याला बैल सजावट, आणि बक्षीस बहुतेक वेळा ज्याच्या बापानं मोठा लाकडी बैल घेतला त्याला. ज्याच्याकडे बैलच नाही, ते लेकरू कडेला उभं राहून पाहतं. नागपूरच्या भोसल्यांनी लेकरांसाठी हा सण सुरू केला असं सांगतात. त्यात मोठ्यांची ऐट कधी शिरली कोण जाणे.

म्हणून यंदा बक्षीस ठेवू नका. सगळ्यांचा मिळून एक बैल करा, माणसाच्या छातीएवढा, चाकांवर ओढता येईल असा. सांगाड्याला बांबू आणि जळणासाठी रचून ठेवलेली गेल्या हंगामातली पऱ्हाटी. वर रद्दीचा लगदा, गव्हाच्या पिठाची खळ. रंगाला गेरू, चुना, हळद, चुलीतला कोळसा. होळीची पळसफुलं कुणी वाळवून ठेवली असतील तर तीही. विकत आणायचं फार काही उरत नाही.

गट चिठ्ठ्या टाकून पाडा, नाहीतर मैत्रिणी मैत्रिणींनाच धरून बसतात. पाच-सहा जणांच्या गटाला बैलाचा एकेक भाग द्या: डोकं, मान, वशिंड, पाय, झूल. मापं जुळवायला डोक्यावाल्यांना मानेवाल्यांकडे जावंच लागेल, तिथे मोडकीतोडकी भाषाही चालून जाते. बांबू कसा चिरायचा हे पोडावरच्या एखाद्या जाणत्या बाईला किंवा बाबाला शिकवायला बोलवा आणि त्यांना दिवसाची मजुरी द्या. झुलीवरच्या आरशांसाठी तांड्यावरची आजी आहेच. या कामात ज्याला आपण मागासलेला म्हणतो त्याच्याच घरी गुरू सापडतो, आणि लेकरं हे बरोबर हेरतात.

एक मात्र करू नका. कोलामांच्या लेकरांना पिसं खोवून पाहुण्यांपुढे नाचवायचं आणि फोटो काढायचे, याला मेळ म्हणत नाहीत. मोठ्यांनी हातातला ब्रशही ओढून घेऊ नये. पाय वाकडा झाला तर होऊ द्या.

आणि आधी पोडावर जा. नाईक, महाजन यांना भेटून विचारा. बोलावणं शाळेच्या सूचनाफलकावर लावून भागणार नाही. ते दिवस पावसाचे, पांदण चिखलाची, आणि संध्याकाळी लेकरांना परत कोण सोडणार हा आयांचा पहिला प्रश्न असेल. ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे त्यांनी तो आत्ताच कबूल करावा.