तीर्थदर्शन : वाशीम जिल्ह्यातील एक दिवस

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली येथे विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट मिळाला आणि विस्मृतीत गेलेली ही शाखा इतिहासाला पुन्हा ज्ञात झाली. त्याचा काही भाग संस्कृतात, काही प्राकृतात आहे. एका दिवसाच्या यात्रेचा प्रारंभ याच नगरीतून व्हावा.

पुढे मालेगाव तालुक्यातील शिरपूर. अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन अनेक यात्रेकरू लगेच परततात. गावाबाहेरील पवळी मंदिराच्या पाषाणातील प्राचीन शिल्पकामाजवळही घटकाभर थांबावे.

यात्रेची सांगता कारंजा लाड येथे. सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे या गावात आहेत. येथील शास्त्रभांडारांनी शतकानुशतके हस्तलिखिते जपली. दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंतांची ‘जसहरचरिउ’ व ‘णायकुमारचरिउ’ ही अपभ्रंश काव्ये १९३१ व १९३३ साली कारंजा येथून प्रकाशित झाली. मराठीच्या पूर्वरूपांचा शोध घेणाऱ्यांना त्यामुळे मोलाचे साधन लाभले.

ताम्रपट मातीखाली राहिला तरी टिकतो, पाषाण ऊनपाऊस सोसतो. पोथीला मात्र पिढ्यान्‌पिढ्या माणसाचा हात लागतो. श्रुतपंचमीला शास्त्रांची वेष्टने बदलण्याची प्रथा म्हणूनच आहे. यात्रेहून परतल्यावर प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील जुने कपाट एकदा उघडून पाहावे. कसरीच्या आधी आपला हात तेथे पोहोचला, तर यात्रा सफल झाली.