सुट्या भागांचा संसार

दिवाळीच्या खरेदीची मध्यमवर्गीय घरात एक ठरलेली वहिवाट असते. आधी फराळाचे सामान, मग कपडे, आणि शेवटी मुलांच्या हट्टांपैकी जो सर्वांत जुना असेल तो. अलीकडे या शेवटच्या जागेवर संगणक येऊन बसला आहे; आणि तोही खोक्यात बंद होऊन आलेला तयार संगणक नव्हे, तर एकेक भाग निवडून जुळवून घेतलेला. बाजारात याला 'असेंबल्ड पीसी' म्हणतात. हा शब्द ऐकला की वडील मंडळींना धास्ती वाटते. तयार सदरा न घेता कापड घेऊन शिंप्याकडे जावे तसेच हे आहे, असे सांगितले की अर्धी धास्ती जाते. उरलेली अर्धी पैशाची असते, आणि ती रास्त असते.

संगणक असा जुळवता येतो याचे मूळ १९८१ सालात आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएम कंपनीने आपला पीसी बाजारात आणला, तो बहुतांशी इतरांनी बनविलेले भाग वापरून. प्रोसेसर इंटेलचा होता, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची होती. शिवाय यंत्राची तांत्रिक माहितीही कंपनीने छापून दिली. मग इतरांनीही तसेच भाग बनवायला घेतले. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे मदरबोर्डाचे माप ठरवून दिले. आज एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये निमूटपणे बसतो, तो अशा ठरलेल्या मापांमुळेच.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात यंदा हाच विषय होता. गृहस्थ पतपेढीत नोकरीला. आवर्ती ठेवीचे ६०,००० रुपये हाती आलेले. मुलगी संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. तिला अभ्यासासाठी यंत्र हवे. धाकटा नववीत, त्याला खेळांसाठी ग्राफिक्स कार्ड हवे. आणि आईचे म्हणणे असे की, स्वयंपाकघराच्या भिंतीची ओल तीन पावसाळे काढली, आता तरी काढून घ्या. माझा संगणक मी स्वतः जुळवलेला असल्यामुळे हे प्रकरण माझ्यापुढे आले.

"सर, खरं सांगा, हे एवढं सगळं लागतंच का?" वहिनींनी विचारले.

"वहिनी, सगळं लागत नाही. काय लागतं ते आधी ठरवायला लागतं," मी म्हटले.

माझ्या मते सारी मेख येथेच आहे. पुष्कळ लोक आधी भागांची यादी करतात आणि मग त्या यादीला काम शोधतात. व्हावे उलट. आधी काम लिहावे, मग रक्कम लिहावी, मग त्या रकमेच्या पुढे जायचे नाही अशी रेघ ओढावी. या घरी रेघ ५०,००० वर ओढली गेली. १०,००० भिंतीला गेले. रेघ मुलीनेच ओढली, हे विशेष.

आता भाग. पहिला प्रोसेसर. मुलीच्या कामाला वेगळे ग्राफिक्स कार्ड नको होते. पण मग चित्र उमटवण्याची सोय प्रोसेसरमध्येच हवी. येथे नावाच्या शेपटीकडे लक्ष द्यावे. इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल तर त्यात ही सोय नसते. कार्डाशिवाय पडदा काळाच राहील. एएमडीच्या रायझेन ५ ५६००जी या २०२१ सालच्या प्रोसेसरात ती आहे. त्याला सहा गाभे आहेत, आणि विजेचे मान ६५ वॉट म्हणजे बेताचे. व्याकरणात एका प्रत्ययाने अर्थ फिरतो, येथे एका अक्षराने दहा-वीस हजारांचा हिशेब फिरतो.

दुसरा मदरबोर्ड. येथे अगदी पत्रिका जुळवावी लागते. हा प्रोसेसर एएम४ खोबणीचा, त्यामुळे बोर्डही एएम४ चाच हवा, आणि रॅम डीडीआर४ जातीची. एएम५ ही २०२२ साली आलेली नवी खोबण; तिला डीडीआर५ लागते. दोन जातींच्या पट्ट्यांची खाच निरनिराळ्या जागी असते, म्हणून जोर लावूनही एक दुसरीच्या घरात बसत नाही. नवी खोबण घेतली तर पुढे वाढायला वाव अधिक, पण आजचा खर्चही अधिक. आमच्या मंडळींनी जुनी घेतली. बोर्ड जुन्या मालातला असेल तर त्यातले बायोस या प्रोसेसरला ओळखते का, हे दुकानदाराकडून आधीच वदवून घ्यावे.

तिसरी रॅम. १६ जीबीची एकच पट्टी घ्यावी की ८ ची जोडी? प्रोसेसरच चित्र उमटवणार असेल तर तो त्यासाठी याच रॅमचा वाटा उसना घेतो. अशा वेळी जोडी बरी, कारण दोन वाटांनी माल लवकर पोचतो. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव कडाडले, कारण कारखान्यांचा पुष्कळसा माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडे वळला. म्हणून रॅमचा भाव मागच्या वर्षीच्या आठवणीवर धरू नये.

साठवणीसाठी एसएसडी. साटा जातीची सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई जातीची साधीही हजारांच्या घरात. किमतीत फार अंतर नसेल तर दुसरी घ्यावी.

आता जो भाग कोणाच्या डोळ्यांत भरत नाही तो: एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. काटकसरीचा सुरा बहुधा याच गरिबाच्या मानेवर पडतो. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या डब्यावर विसंबणे म्हणजे नव्या घराला भाड्याचा पाया घालणे. '८० प्लस'ची खूण असलेला, नावाजलेल्या कंपनीचा डबा घ्यावा. मात्र ही खूण विजेच्या बचतीची आहे, टिकाऊपणाची नव्हे. म्हणून हमी किती वर्षांची तेही पाहावे. या घरी गरजेपेक्षा थोडा मोठा, ५५० वॉटचा घेतला. का? तर पुढेमागे ग्राफिक्स कार्ड आलेच, तर त्याला वीज पुरावी. धाकट्याने बोर्डावरची ती रिकामी खोबण त्याच दिवशी स्वतःच्या नावावर लावून घेतली.

रंगीत दिव्यांचे पंखे आणि काचेच्या बाजूचे कॅबिनेट या जागा खुशाल काटाव्यात. मॉनिटर आणि कीबोर्ड यांवर काटू नये. प्रोसेसर दोनदा बदलला तरी ते राहतात, आणि डोळे-बोटे तर आपलीच असतात. कार्यप्रणालीचा खर्चही यादीत धरावा. मूळ परवान्याची विंडोज घेतली तर पैसे पडतात. लिनक्स विनामूल्य आहे, आणि संख्याशास्त्राची आर व पायथन ही साधने तीवर उत्तम चालतात. मराठी टंकलेखन दोन्हीकडे होते. स्वस्तात जुने यंत्र घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ फार जुन्या प्रोसेसरांना स्वीकारत नाही.

मुंबईकरांना या बाजारासाठी ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड ठाऊक आहेच. एकच यादी तीन दुकानांत द्यावी आणि कोटेशन जीएसटी धरून मागावे. बिल पक्के घ्यावे व त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहवून घ्यावा, कारण येथे हमी साऱ्या यंत्राची मिळून नसते; ज्या-त्या भागाची, ज्या-त्या कंपनीची असते. खोकीही वर्षभर माळ्यावर राहू द्यावीत.

आणि यंत्र घरी आणण्यापूर्वी वायरमनला बोलवावे. जुन्या इमारतींत भिंतीवर तीन भोकांचा प्लग दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे अर्थिंग असेलच असे नाही. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर दोष बहुधा त्या भिंतीत असतो. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर हेच निघाले. ओल काढायला आलेल्या माणसांनी भिंत उकरलेली होतीच. वायरमनने त्याच चरातून अर्थिंगची तार ओढली. वहिनींच्या भिंतीचे १०,००० असे संगणकाच्याही उपयोगी पडले, आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मुलीने पहिला तक्ता मांडला तो घरखर्चाचा.