बजाजनगरच्या मुलांनी परदेशी का शिकू नये?

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपल्याकडे नेहमी गरिबालाच ऐकवली जाते. छत्रपती संभाजीनगरच्या बजाजनगरात एखाद्या कामगाराची मुलगी इंजिनीअरिंग संपवून जर्मनीला एम. एस. करायचं म्हणाली, की नातेवाइकांपासून मास्तरांपर्यंत सगळ्यांना ही म्हण आठवते. तिच्या पाठोपाठ चार युक्तिवादही येतात. एक, परराष्ट्र संबंध हा दिल्लीचा विषय, त्याचा कामगार वस्तीशी काय संबंध? दोन, ज्याच्यात गुणवत्ता आहे तो जातोच, बँका कर्ज देतात. तीन, एकाला परदेशी पाठवण्याच्या पैशात इथे शंभर जण शिकतील. चार, गेलेला परत येत नाही, मग सरकारने त्याच्यावर खर्च का करावा?

चारही युक्तिवाद ऐकायला शहाणपणाचे वाटतात, पण एकही तपासणीला टिकत नाही. परदेशी विद्यापीठाचं दार गुणपत्रिकेने ठोठावता येतं, उघडतं मात्र दोन सरकारांच्या धोरणाने. ज्याच्या घरी पैसा आहे तो धोरणातले अडथळे पैशाने ओलांडतो. ज्याच्या घरी नाही, त्याच्यासाठी ते ओलांडणं हे सरकारचं कर्तव्य आहे. त्यात मेहेरबानीचा प्रश्न येत नाही.

पहिला युक्तिवाद आधी घेऊ. बजाज ऑटोने १९८५ मध्ये वाळूजला कारखाना सुरू केला आणि त्याच्या आधाराने ही वस्ती वाढली. बीड, जालना, बुलडाण्याच्या गावांतून कोरडवाहू शेती सोडून आलेली माणसं इथे तीन पाळ्यांत काम करू लागली. त्यांच्या हातून तयार होणाऱ्या गाड्या आफ्रिकेच्या आणि लॅटिन अमेरिकेच्या रस्त्यांवर धावतात. जून २०२३ मध्ये नायजेरियाने आपलं चलन, नायरा, बाजारभावावर सोडलं, ते कोसळलं आणि बजाजची तिथली विक्री घसरली. अशा घसरणीची झळ सगळ्यात आधी कुणाला लागते? कंत्राटी कामगाराच्या ओव्हरटाइमला. ज्याची चूल नायजेरियाच्या राजधानीतल्या, अबुजातल्या निर्णयाने मंदावते, त्याला ‘परराष्ट्राचं तुला काय’ असं विचारणं हा अडाणीपणा आहे.

शिक्षणाचीही तीच गोष्ट. चिकलठाणा एमआयडीसीतलं इंडो-जर्मन टूल रूम भारत आणि जर्मनी या दोन सरकारांच्या तांत्रिक सहकार्यातून उभं राहिलं. टूल आणि डायमेकिंगचा पदविका अभ्यासक्रम करून तिथून निघालेली मराठवाड्याची मुलं आज देशभरातल्या टूल रूममध्ये काम करताहेत. डाय कापताना किती मायक्रॉनपर्यंत चूक चालते, हे खेड्यातल्या मुलाला शिकायला मिळालं ते दोन देशांनी एका कागदावर सह्या केल्या म्हणून. मराठवाडा विद्यापीठात येमेन, सुदान, इराकचे विद्यार्थी संशोधनाला येतात, तेही भारताने त्या देशांशी राखलेल्या संबंधांमुळे आणि आपल्याकडच्या परवडणाऱ्या शुल्कामुळे. परराष्ट्र संबंध आपल्या शहरात कधीपासूनच नांदताहेत.

आता गुणवत्तेचा मुद्दा. सप्टेंबर २०२३ मध्ये भारत आणि कॅनडाचं बिनसलं. ऑक्टोबरात कॅनडाने आपले ४१ राजनैतिक अधिकारी परत बोलावले आणि मुंबईसह तीन शहरांतल्या वकिलातींतलं प्रत्यक्ष कामकाज थांबवलं. पुढच्या जानेवारीत त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवरच मर्यादा घातली. मे २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या, तेही ऐन प्रवेशाच्या तोंडावर. या काळात कुणाची गुणवत्ता कमी झाली होती का? मुलं तीच होती, गुणही तेच होते. बदललं होतं ते फक्त धोरण. श्रीमंत घरातल्या मुलाने एक वर्ष थांबून दुसऱ्या देशात अर्ज केला. ज्याने सल्लागाराची फी आणि भाषेच्या परीक्षेचं शुल्क उसनवारीने भरलं होतं, तो तिथेच बसला.

कर्जाचं म्हणाल तर जर्मनीचंच उदाहरण घ्या. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, म्हणूनच आज जवळपास ६० हजार भारतीय विद्यार्थी तिथे शिकताहेत आणि परदेशी विद्यार्थ्यांत आपलीच संख्या सर्वांत मोठी आहे. मग कामगाराच्या मुलीला अडचण कुठे येते? व्हिसाच्या खिडकीवर. तिला एका वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो आधीच ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये ठेवून दाखवावे लागतात. ते पैसे तिचेच असतात, तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरोप्रमाणे तिलाच परत मिळतात. पण ते आधी एकरकमी हवेत. रुपयांत ही रक्कम १२ लाखांच्या आसपास जाते. महिन्याला २० हजार हातात येणाऱ्या घराने पाच वर्षं एक पैसाही खर्च केला नाही, तर ती जमेल.

बँकेत जावं, तर विनातारण शैक्षणिक कर्जाला सरकारी हमी मिळते ती साडेसात लाखांपर्यंत. त्यापुढे बँक सहसा तारण मागते. बजाजनगराच्या आसपास, वडगाव कोल्हाटी आणि रांजणगावच्या बाजूला, कामगारांनी एक-एक गुंठा घेऊन घरं बांधली आहेत. कित्येकांच्या हातात ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीचा उतारा, एवढाच कागद असतो. तो पाहिल्यावर बँकेचा अधिकारी मान हलवतो. म्हणजे तीस वर्षांच्या घामातून उभं राहिलेलं घर तारणाच्या वेळी शून्य किमतीचं ठरतं. ‘बँका कर्ज देतात’ म्हणणाऱ्याने हा कागद घेऊन एकदा त्या रांगेत उभं राहून पाहावं. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजसवलत देणारी ‘पढो परदेश’ योजना होती, तीही केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली.

तिसरा युक्तिवाद उधळपट्टीचा. हिशोबच मांडू. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी वर्षाला ७५ जागा आहेत. प्रत्येकावर वर्षाला ५० लाख, असा चढा आकडा धरू. एका तुकडीचे साडेसदतीस कोटी होतात, दोन तुकड्या एकदम शिकत असल्या तर ७५ कोटी. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा आहे. म्हणजे सरकारच्या तिजोरीतल्या दर एक लाख रुपयांतले अकराही रुपये यावर जात नाहीत. हे अकरा रुपये वाचवले म्हणून नमुना आठवाल्याच्या मुलाची इथली शिष्यवृत्ती वेळेवर जमा झाली, किंवा वसतिगृहात एक खाट वाढली, असं आजवर झालेलं नाही. इथे शिकणाऱ्याला आणि तिथे शिकणाऱ्याला एकमेकांविरुद्ध उभं करायचं आणि दोघांनाही कमी द्यायचं, हा या युक्तिवादाचा प्रत्यक्ष परिणाम आहे.

गैरवापर होतो, सधन घरंच फायदा लाटतात, हा आक्षेप मात्र मी हलक्यात घेत नाही. पण त्याच्यावरचे उपाय पाहा. २०२४ मध्ये राज्याने सगळ्यांनाच आठ लाखांची उत्पन्नमर्यादा लावली आणि दहावीपासून ७५ टक्के गुणांची अट घातली. विद्यार्थ्यांनी आवाज उठवल्यावर गुणांची अट सैल करावी लागली. उत्पन्नाच्या मर्यादेत मात्र वेगळाच माणूस अडकतो. पंचवीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला कायम कामगार निवृत्तीच्या जवळ आठ लाखांची रेषा ओलांडू शकतो. शिष्यवृत्तीच्या लेखी तो श्रीमंत ठरतो आणि बँकेच्या लेखी गरीब. चाळणी अशी असावी की तिच्यात वारसाहक्काची संपत्ती अडकेल, हाडं झिजवून मिळवलेला पगार नव्हे.

केंद्राची कथा याहून वाईट. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत. २०२२ मध्ये नियम बदलले आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन परदेशी जायला बंदी झाली. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याने भारतातल्या जातींच्या उगमावर निबंध वाचला होता. या नियमात तो विषय बसला नसता. आणि जुलै २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी ४० जणांनाच आधी पत्रं मिळाली. उरलेल्यांना कळवलं गेलं की निधी उपलब्ध झाला तर पाहू. प्रवेश हातात, विमानाची तारीख जवळ आणि आपलंच सरकार ‘पाहू’ म्हणतं. याला उधळपट्टी म्हणायचं की कद्रूपणा?

आता चौथा, सगळ्यात भावनिक युक्तिवाद : गेलेला परत येत नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करण्याचा करार होता. काटेकोर हिशोबनीस म्हणेल की तो करार पाळला गेला नाही. बरोबर आहे. १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्यात रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतूनही हाकललं गेलं. शिकून आलेला माणूस परत जातो तेव्हा दोष त्याच्या निष्ठेत शोधण्याआधी आपण त्याला कसं वागवलं ते पाहावं. आणि बडोद्याला नाही मिळाला, तो परतावा देशाला मिळालाच. त्यातला एक भाग तर आपल्याच शहरात उभा आहे. मराठवाड्यात जेव्हा मुलांना पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे, तेव्हा १९५० मध्ये बाबासाहेबांनी इथे ते कॉलेज काढलं, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. नागसेनवनातल्या त्या वर्गांतून आणि वसतिगृहांतून खेड्यापाड्यांतली मुलं पदवीधर झाली. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं ते त्यानंतर आठ वर्षांनी. एका शिष्यवृत्तीचा याहून मोठा परतावा कुणी दाखवावा. बाबासाहेबांना स्वतःलाही या गोष्टीचं मोल कळलं होतं, म्हणून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाल्यावर १९४२ च्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी तरतूद मागितली.

हल्ली एक पाचवा, नवा युक्तिवाद ऐकू येतो : विद्यापीठ कशाला, कौशल्य शिका आणि नोकरीला जा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, चालक अशा दहा हजार तरुणांना पाठवण्याची घोषणा झाली. या करारात मला एक आशा दिसते. घटक राज्यही आपल्या माणसांसाठी दुसऱ्या देशाच्या राज्याशी बोलू शकतं, हे त्याने सिद्ध केलं. पण ‘हा दिल्लीचा विषय’ ही सबब संपली, तशी दुसरी गोष्टही उघडी पडली. हेच बाडेन-वुर्टेमबर्ग २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतं. आपण त्यांना दहा हजार कामाचे हात देऊ केले. मग त्याच टेबलावर आपल्या विद्यार्थ्यांसाठी या शुल्काची माफी का मागितली नाही? कामगाराच्या मुलाने परदेशी जावं तर पाना घेऊन जावं, पुस्तक घेऊन नको, असा समज या व्यवहारात बसला आहे. पान्याला कमी लेखण्याचा प्रश्न नाही, त्यावरच ही वस्ती उभी आहे. प्रश्न निवडीच्या अधिकाराचा आहे.

मग करायचं काय? नुसतं खंडन करून थांबणं पुरेसं नाही.

पहिलं, राज्याने परदेशी प्रवेशासाठी फिरता निधी उभारावा. त्यातून व्हिसापुरती रक्कम बिनव्याजी, बिनतारण मिळावी आणि नोकरी लागल्यावर हप्त्यांनी परत घ्यावी. ज्या मुलीला शुल्क भरायचंच नाही, तिला फक्त बारा लाख दाखवता येत नाहीत म्हणून घरी बसवणं हा देशाचा तोटा आहे. दुसरं, यापुढे परदेशी राज्याशी मनुष्यबळाचा जो करार होईल, त्यात विद्यार्थ्यांच्या जागा आणि शुल्कमाफीचं कलम असावं. तिसरं, शिष्यवृत्तीचं वेळापत्रक तिथल्या प्रवेशांशी जुळावं. जर्मनीत हिवाळी सत्राच्या अर्जांची मुदत बहुधा १५ जुलैला संपते, तर आपली निवडयादी त्याआधी लागलीच पाहिजे. चौथं, वाळूजच्या आयटीआयत आणि परिसरातल्या शाळांत जर्मन भाषा सरकारी खर्चाने शिकवावी. एन्ड्रेस अँड हाउजरसारखी, १९५३ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्गमधल्या ल्योराखला सुरू झालेली कंपनी वाळूजमध्येच काम करते. भाषा आली की तिचा उपयोग इथेही होईल. पाचवं, विषयबंदी रद्द व्हावी. काय शिकायचं ते विद्यार्थी ठरवील.

या पाचांतल्या बहुतेक गोष्टी राज्याच्या हातात आहेत. सामाजिक न्याय खातं डिसेंबर २०२४ मध्ये संभाजीनगर पश्चिमचे आमदार संजय शिरसाट यांच्याकडे आलं. म्हणजे फाईल मुंबईत असली, तरी मंत्र्याचं घर याच शहरात आहे. मराठा-कुणबी समाजासाठीच्या ‘सारथी’ या सरकारी संस्थेच्या परदेशी शिष्यवृत्तीला सरकारने सयाजीराव गायकवाडांचं नाव दिलं आहे. हे नाव घेणाऱ्यांनी सयाजीरावांचा हिशोबही घ्यावा. त्यांनी एका विद्यार्थ्यात पैसे गुंतवले तेव्हा तो कुठल्या जातीचा, कुठल्या चाळीतला, यावर निर्णय अडवून ठेवला नाही.

कामगार संघटनांनी पगारवाढीच्या मागणीपत्रात, पालकांनी ग्रामसभेत आणि मतदारांनी प्रचाराला येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे हा प्रश्न ठेवावा : तुमच्या सत्तेत आमच्या वस्तीतल्या किती मुली परदेशी विद्यापीठात शिकायला गेल्या? रस्ते, नळ आणि दिव्यांइतकाच हा प्रश्न बजाजनगरचा आहे. ज्या हातांनी या शहराचा माल जगभर पोचवला, त्यांच्या मुलांना जगाच्या वर्गात बसण्याचा हक्क आहे, आणि तो मिळेपर्यंत मागत राहणं हे आपलं काम आहे.