रुग्णाने जावे कोठे?

मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागापुढील रांग पाहिली की तेथील अधिकाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास येते. सर्दी-पडशासाठी आणि खरजेसाठी लोक थेट येथे येतात; गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले असते तर काय बिघडले असते? तक्रार वरकरणी रास्त आहे. अवघड शस्त्रक्रियांसाठी ज्याला तयार केले, त्या तज्ज्ञाची सकाळ खोकल्याच्या औषधाच्या चिठ्ठ्या लिहिण्यात जावी, हा सार्वजनिक पैशाचा अपव्ययच होय. परंतु या तक्रारीच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. आपल्या दुखण्याला कोणत्या पातळीवरचे उपचार पुरेसे आहेत हे रुग्णाला ठरवता येते, आणि तरीही केवळ हट्टापायी तो चुकीच्या दारात उभा राहतो, असे ते गृहीत आहे.

त्यातील पहिला भाग केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच निकालात काढला. ज्वारी विकत घेणाऱ्याला ज्वारीची पारख असते. वैद्यकीय सेवा घेणाऱ्याला मात्र आपल्याला नेमके काय हवे हेच ठाऊक नसते. ते विकणाऱ्यानेच सांगावयाचे असते. छातीतील कळ पित्ताची की हृदयाची, हे ठरवणे हाच मुळी वैद्यकाचा पहिला भाग आहे. तो रुग्णावर सोपवून मग त्याच्या चुकीबद्दल त्याला बोल लावणे न्यायाचे नाही.

आता हट्टाविषयी. मराठवाड्यातील एखाद्या शेतमजूर स्त्रीचा विचार करावा. तिच्या मुलाला दोन दिवसांचा ताप आहे. आरोग्य केंद्रात जाऊन येण्यात तिचा अर्धा रोज बुडतो. डॉक्टर बैठकीला गेलेले असले, किंवा औषध संपलेले असले, तर तो अर्धा रोज पाण्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी ‘सिव्हिल’ला जाण्यात आणखी एक. असा अनुभव दोनदा आल्यावर तिसऱ्या वेळी तिने सरळ सिव्हिलची एस.टी. धरली, तर तिचे गणित चुकले असे कोणता अर्थशास्त्रज्ञ म्हणेल? गणित बरोबर आहे. त्यातील आकडे मात्र शासनाने पुरवलेले आहेत.

कागदावरची रचना मुळीच वाईट नाही. भोर समितीने १९४६ सालीच खालून वर जाणाऱ्या आरोग्यसेवेची कल्पना मांडली होती, आणि पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये हे तत्त्वही. आजच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येस एक उपकेंद्र आणि तीस हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावयाचे. आदिवासी व डोंगरी भागात तीन हजारांस व वीस हजारांस. त्यावर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय व जिल्हा रुग्णालय. या उतरंडीला शास्त्रीय आधारही आहे. केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली अमेरिका व ब्रिटनमधील माहितीवरून एक हिशेब मांडला. एक हजार प्रौढांपैकी एका महिन्यात सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखणे होते. २५० डॉक्टरकडे जातात. नऊ रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावा लागतो तो एक. तो हिशेब परदेशचा आणि जुना खरा, पण बहुतेक दुखणी घरी किंवा घराजवळच निभावतात हे त्यातून उघड होते.

खालची पायरी म्हणजे हलक्या प्रतीची पायरी, हा समज मात्र सुशिक्षितांतही पक्का आहे. कोकणात विंचूदंशाने माणसे दगावत, तेव्हा महाडच्या परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरील साधी, स्वस्त गोळी त्यावर वापरली. त्या गोळीने विंचूदंशाच्या मृत्यूंचे प्रमाण पार खाली आणले. तेथे उपयोगी पडले ते लवकर मिळालेले औषध आणि रुग्णाच्या उशाशी बसून निरीक्षण करणारा डॉक्टर. शहरातील यंत्रसामग्री नव्हे.

सर्पदंशाचेही तसेच आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होते आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रात देता येते. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे झाले आहे का, हे कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त वीस मिनिटे स्थिर ठेवून कळते. मांत्रिकाकडे वेळ घालवणे घातक आहेच. पण लस असलेली दोन केंद्रे ओलांडून रुग्णाला जिल्ह्याच्या गावी पळवणेही तितकेच घातक. लस आधी, आणि श्वास मंदावण्याची लक्षणे असतील तर तेथूनच पुढे, हा क्रम होय. पक्षाघातात नेमके उलट. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात लुळा पडला, बोबडी वळली, तर गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही मेंदूचे सी.टी. स्कॅन केल्यावर. अशा वेळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सलाईन लावून रात्र काढणे म्हणजे ती मुदत घालवणे. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते. तिला बोलावताना लक्षणे सांगितली तर कोठे न्यावे याचा निर्णय निदान जाणत्याच्या हाती जातो.

खाजगी क्षेत्रात तर पायरी ठरते ती बऱ्याचदा ‘कट’वर. २०१७ साली राज्य शासनाला कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करण्यासाठी समिती नेमावी लागली, यावरूनच रोग किती मुरलेला आहे ते दिसते. विमा योजनांची रचनाही वरच ओढणारी आहे. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावाने चालणारी जीवनदायी योजना मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचा खर्च देते. मधुमेहावरील रोजच्या गोळ्यांसाठी तिचा उपयोग नाही. त्याच मधुमेहाने पाय सडून शस्त्रक्रियेची वेळ आली की ती धावून येते. (योजनेच्या जाहिरातीत अर्थातच शस्त्रक्रियाच शोभून दिसते.)

तेव्हा लोकांना शहाणे करण्याच्या मोहिमांपेक्षा आधी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. केंद्रातील डॉक्टरांची रिक्त पदे भरणे, कोणती औषधे आज शिल्लक आहेत हे दारावरील फळ्यावर रोज लिहिणे, आणि रुग्णाला पुढे पाठवताना नुसते ‘सिव्हिलला न्या’ असे न सांगता काय झाले, काय दिले, का पाठवले याची चिठ्ठी देणे. चिठ्ठी घेऊन आलेल्याला मोठ्या रुग्णालयात रांगेत अग्रक्रम मिळाला, तर खालून वर येण्याची शिस्त कोणालाही न दटावता रुजेल.

आणि चिठ्ठी परतीचीही हवी. जिल्हा रुग्णालयात रक्तदाबाचे निदान झालेल्या माणसाला गावच्या केंद्राच्या नावे कागद मिळाला, तर त्याच गोळ्या त्याला तेथे घेता येतील. हा कागद सहसा कोणी लिहीत नाही; म्हणून तो दर महिन्याला एक रोज बुडवून, दोन गाड्या बदलून, तीस गोळ्यांसाठी त्याच रांगेत पुन्हा उभा राहतो.