चित्रफितीत कीड दिसली पाहिजे

तंजावूरचे दुसरे सरफोजी राजे भोसले (१७७७–१८३२) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. त्यांत मजकुराबरोबर रुग्णांच्या डोळ्यांची चित्रेही आहेत. निदान ज्या खुणेवर अवलंबून असते, ती खूण चित्रात स्पष्ट उमटावी लागते. कीड ओळखण्यासाठी तयार होणाऱ्या आजच्या चित्रफितींनाही हीच कसोटी लावली पाहिजे.

तंजावूरच्या कावेरी त्रिभुज प्रदेशात असो वा कोकणात, भंडारा-गोंदियात असो, तपकिरी तुडतुडा ही भाताची मोठी कीड आहे. प्रौढ तुडतुडा अवघा तीन-चार मिलिमीटरचा आणि राहतो चुडाच्या बुंध्याशी. चित्रीकरण उत्तम झाले, तरी अंतिम फाईल तयार करताना (एक्स्पोर्ट) बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण, फार कमी ठेवले तर बारीक तपशील प्रथम पुसले जातात. वाऱ्याने हलणारे भातशेत तर याबाबतीत सर्वांत अवघड. पाने हलताना सारी माहिती त्यांतच खर्ची पडते आणि तुडतुडा हिरवट-तपकिरी डाग होऊन उरतो.

याची किंमत शेतकरी मोजतो. चुकीच्या ओळखीवरून भातावर सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारले गेल्यास मित्रकीटक मरतात आणि तुडतुड्यांचा पुनरुद्रेक होऊ शकतो. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावरील उलट्या ‘वाय’ची खूण आणि शेपटीकडील चौकोनातील चार ठिपके दिसले नाहीत, तर ती चित्रफीत निरुपयोगीच.

‘फाईल लहान, तर शेतकऱ्याची सोय’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. डेटा वाचला पाहिजे, पण तो लांबी कमी करून. खूण पुसून नव्हे. म्हणून मूळ प्रत एमपी-४ स्वरूपात, एच-२६४ कोडेकने, १०८० पी व सुमारे ८ एमबीपीएस बिटरेटने काढावी. फ्रेमरेट चित्रीकरणाचाच ठेवावा. एका मिनिटाची ही फाईल साधारण ६० एमबी होते. ती यूट्यूबसाठी वापरावी, कारण तेथे प्रेक्षकाच्या जोडणीनुसार लहान आवृत्त्या आपोआप तयार होतात. गटांमध्ये पाठवण्यासाठी ७२० पी, सुमारे २.५ एमबीपीएसची दुसरी प्रत करावी. ती मिनिटाला १९ एमबीच्या आसपास होते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवल्यास तो पुन्हा दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास तसाच पोहोचतो.

मात्र कोणतीही सेटिंग दुरून घेतलेल्या दृश्यात कीड निर्माण करू शकत नाही. कॅमेरा स्थिर ठेवून कीड जवळून दाखवावी, तीच चौकट चार-पाच सेकंद टिकवावी आणि सोबत एक स्वच्छ छायाचित्र जोडावे.

प्रसारणापूर्वीची शेवटची तपासणी संगणकाच्या मोठ्या पडद्यावर न होता साध्या मोबाईलवर, भर उन्हात, बांधावर व्हावी. तेथे खूण ओळखता आली, तरच ती चित्रफीत पुढे पाठवण्यास योग्य समजावी.